विमानतळाजवळच्या पाणथळीची भरपाई: काय जवळ करावे आणि काय दूर ठेवावे

प्रश्न असा आहे की नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळासाठी पनवेल खाडीच्या काठची जी पाणथळ भूमी भरावाखाली गेली, तिच्या बदल्यात जवळच तेवढी किंवा तिच्याहून मोठी पाणथळ उभी केली, तर नुकसान भरून निघेल का. आणि तशी ती उभी राहिली, तर तिच्यावर येणाऱ्या पक्ष्यांमुळे विमानांचा धोका वाढणार नाही का. पाणथळ पुनरुज्जीवनाच्या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे आहे की हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. पाणथळ एकाच वेळी अनेक कामे करते: पुराचे पाणी सामावते, गाळ धरते, माशांच्या पिल्लांना आसरा देते, पक्ष्यांना खाद्य आणि विसावा देते. यांतली काही कामे त्याच खाडीत, त्याच नदीच्या खोऱ्यातच भरून द्यावी लागतात, आणि काही कामे धावपट्टीजवळ मुद्दाम भरून देऊ नयेत. भरपाईचा हिशेब हेक्टरांत मांडला की ही फोड दिसेनाशी होते, आणि माझ्या अनुभवात बहुतेक योजना तिथेच फसतात.

आधी जागेविषयी. विमानतळाचे क्षेत्र सुमारे १,१६० हेक्टर आहे. उलवे आणि गाढी या दोन नद्या जिथे पनवेल खाडीला मिळतात, त्या सखल, भरतीच्या पाण्याच्या प्रदेशात ते वसले आहे. खारफुटी, ओहोटीला उघडे पडणारे चिखलाचे पट्टे, जुन्या बांधांआडची खाजणे (खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनी), भातशेती आणि मधोमध सुमारे ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी असे तिथले मूळ रूप होते. टेकडी फोडून तिचा दगड भरावासाठी वापरला गेला आणि उलवे नदीचा प्रवाह वळवण्यात आला. २२ नोव्हेंबर २०१० रोजी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला मंजुरी दिली, त्यापूर्वी आराखड्यात काही बदल झाले होते आणि त्यांचे श्रेय दिले पाहिजे: दोन धावपट्ट्यांमधील अंतर १,८०० मीटरवरून १,५५५ मीटरवर आणले गेले आणि गाढी नदी वळवण्याचा बेत सोडून देण्यात आला. भरपाईच्या चर्चेत हा भाग कोणी फारसा काढत नाही. परंतु नुकसान टाळणे ही पहिली पायरी, कमी करणे ही दुसरी आणि भरपाई ही तिसरी, हा क्रम या क्षेत्रात सर्वमान्य आहे. न वळवलेली नदी ही कोणत्याही कृत्रिम तळ्यापेक्षा मोलाची असते.

मंजुरीच्या अटींप्रमाणे वाघिवली बेटावर २४५ हेक्टर आणि मोहा खाडी-पनवेल खाडीच्या परिसरात ६० हेक्टर अशी कांदळवन (खारफुटीच्या रानाची) उद्याने करावयाची होती, आणि गाढी नदी, मानसरोवर व कामोठे यांच्या दरम्यानचे ३१० हेक्टर क्षेत्र हरित पट्टा म्हणून राखावयाचे होते. नष्ट होणारी खारफुटी सुमारे ९८ हेक्टर धरली होती. म्हणजे कागदावर गेलेल्या खारफुटीच्या सहापटीहून अधिक क्षेत्र परत मिळत होते, आणि कोणत्याही देशातल्या निकषावर हे प्रमाण उदार वाटेल. माझा आक्षेप प्रमाणाला नाही. मोजणी कशाची झाली, याला आहे.

मोजणी झाली ती झाडांची. किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत खारफुटी आणि जैवदृष्ट्या सक्रिय चिखलाचे पट्टे या दोहोंना सर्वोच्च संरक्षणाच्या एकाच वर्गात ठेवले आहे. असे असूनही २०१९च्या अधिसूचनेत खारफुटी तोडल्यास किमान तिप्पट लागवड करावी असे स्पष्ट प्रमाण दिले आहे, तर चिखलाचा पट्टा बुजल्यास त्याच्या बदल्यात काय द्यावे याचे असे कोणतेही प्रमाण नाही. परिणामी भरपाई म्हटली की रोपे लावणे, असे समीकरण यंत्रणेच्या अंगवळणी पडले. यातून होणारे नुकसान साधे नाही. रोपे लावायला मोकळी जागा हवी असते आणि खाडीकाठी मोकळी दिसणारी जागा म्हणजे बहुतेकदा तोच चिखलाचा पट्टा असतो, ज्यावर तुतवार, पंकपक्षी, शेकाटे आणि फ्लेमिंगो चरतात. या पक्ष्यांना दाट तिवरांच्या, म्हणजे खारफुटीच्या, रानात काहीही मिळत नाही. त्यांना चोच खुपसता येईल असा उघडा, ओला, अळ्या-किड्यांनी आणि शेवाळाने भरलेला गाळ लागतो. म्हणून एका पाणथळीच्या भरपाईसाठी दुसरी पाणथळ झाडांखाली झाकली जाते, आणि अहवालात मात्र दोन्हीकडे जमेची नोंद होते.

आता पक्षी आणि विमाने. ठाणे खाडी आणि उरण-पनवेल हा परिसर पक्ष्यांच्या दृष्टीने एकच जागा आहे, हे लक्षात घेतल्याशिवाय धोक्याचा विचार करता येत नाही. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीचे पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढते. ओहोटीला ठाणे खाडीचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडले की पक्षी तिथे चरतात. भरतीने ते पट्टे झाकले की हजारो पक्षी एकाच वेळी उठतात आणि उथळ पाण्याच्या, चहूबाजूंनी मोकळ्या विसाव्याच्या जागा गाठतात. नेरूळ-सीवूड्सकडील एनआरआय, टीएस चाणक्य व डीपीएस तलाव आणि उरणकडील पाणजे, बेलपाडा, भेंडखळ या त्या जागा. ही ये-जा घड्याळाप्रमाणे नव्हे, भरती-ओहोटीप्रमाणे चालते, त्यामुळे ती रात्रीही होते. २० मे २०२४ रोजी रात्री दुबईहून मुंबईत उतरणाऱ्या विमानाची घाटकोपरवर फ्लेमिंगोंच्या थव्याशी धडक होऊन जवळपास चाळीस पक्षी मेले. विमान सुखरूप उतरले, हे सुदैव.

या घटनेवरून अनेकांनी असा निष्कर्ष काढला की खाडीकाठच्या पाणथळी बुजवल्या तर पक्षी जातील आणि प्रश्न मिटेल. मला हा तर्क घातक वाटतो. चरण्याची जागा, म्हणजे ठाणे खाडी, जागच्या जागी राहणारच आहे. ती २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची मानलेली पाणथळ, आहे. विसाव्याची जागा तेवढी नाहीशी केली, तर भरतीला उठलेला थवा दुसरी सपाट, मोकळी, माणसांपासून दूर असलेली जमीन शोधणार. त्या परिसरात अशी सर्वांत मोठी जमीन कोणती आहे, हे सांगायला पक्षीतज्ज्ञ लागत नाही. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने उरण आणि नेरूळच्या पाणथळी राखाव्यात असा आग्रह धरला, त्यामागे पक्षीप्रेमाइतकेच हवाई सुरक्षेचे हे गणित आहे.

नियमांकडे पाहिले तर चित्र आणखी स्पष्ट होते. भारतात विमान नियम, १९३७ मधील ९१वा नियम विमानतळाच्या १० किलोमीटर परिसरात जनावरांची कत्तल आणि उघड्यावर कचरा टाकण्याला मनाई करतो. कारण आपल्याकडे धडकणाऱ्या पक्ष्यांत घारींचा वाटा मोठा आहे आणि घारी कचऱ्यावर, मांसाच्या तुकड्यांवर जगतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मार्गदर्शनात विमानतळाभोवती १३ किलोमीटरच्या वर्तुळातील जमीनवापर पाहावा असे म्हटले आहे. नेरूळच्या जागा या वर्तुळात येतात, पाणजे त्याहून दूर आहे. अमेरिकेच्या हवाई प्रशासनाची सूचना अधिक नेमकी आहे: जेट विमाने जिथे ये-जा करतात, तिथे पक्ष्यांना आकर्षित करणाऱ्या नव्या गोष्टी, ज्यात भरपाईच्या पाणथळीही आल्या, १०,००० फूट म्हणजे साधारण तीन किलोमीटरच्या आत करू नयेत, आणि विमानांच्या चढण्या-उतरण्याच्या मार्गात पाच मैलांपर्यंत सावधगिरी बाळगावी. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेले विमान कॅनडा हंसांच्या धडकेने दोन्ही इंजिने बंद पडून हडसन नदीत उतरवावे लागले, तेव्हापासून या सूचनेकडे कोणीही औपचारिकता म्हणून पाहत नाही. मात्र तिच्यातला ‘नव्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आधीपासून असलेली, पक्ष्यांच्या सवयीची झालेली पाणथळ आणि धावपट्टीच्या टोकाशी नव्याने खणलेले उघडे तळे यांचा धोका सारखा नसतो.

जवळ आणि दूर अशी फोड प्रत्यक्षात कशी केली जाते, यासाठी सिएटल-टकोमा विमानतळाचे उदाहरण मी नेहमी देतो. तिथल्या तिसऱ्या धावपट्टीसाठी सुमारे १८ एकर पाणथळ भरावाखाली गेली; धावपट्टी नोव्हेंबर २००८ मध्ये सुरू झाली, त्याआधी कित्येक वर्षे या भरपाईवरून कोर्टकचेऱ्या चालल्या होत्या. ज्या ओढ्यांच्या खोऱ्यात नुकसान झाले, त्या मिलर ओढ्याच्या काठी पूरक्षेत्र पुन्हा खुले करण्यात आले, परंतु तिथे उघडे पाणी न ठेवता दाट झुडपे लावली, म्हणजे पूर जिरतो, पाणी गाळले जाते, आणि बदकांना उतरायला जागा मिळत नाही. पक्ष्यांच्या अधिवासाची भरपाई मात्र दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात, ऑबर्न शहराजवळ सुमारे ६५ एकरांवर केली गेली. ओर्लॅंडो विमानतळाने याहून पुढचे पाऊल टाकले: १९९०च्या दशकात विस्ताराच्या बदल्यात शहराबाहेरच्या एका मोठ्या संरक्षित क्षेत्राला सुमारे ३,००० एकर जोडून दिले. सलग, मोठे क्षेत्र मिळाले हा त्याचा फायदा. तोटा असा की विमानतळाशेजारच्या ज्या वस्तीचा पूर त्या पाणथळी अडवत होत्या, तिला दूरच्या राखीव जंगलाचा काही उपयोग नाही.

हा तोटा आपल्याकडे फार मोठा ठरतो. उलवे-पनवेलचा प्रदेश सखल आहे, पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि मुसळधार पाऊस उधाणाच्या भरतीशी जुळून आला की पाण्याला बाहेर जायला वाटच राहत नाही. भराव सुरू झाल्यानंतर त्याला लागून असलेल्या डुंगी गावात पावसाळ्यात पाणी शिरू लागले आणि त्या गावाच्या पुनर्वसनाची मागणी पुढे आली. पुराचे पाणी सामावण्याचे काम हे त्याच जागी, त्याच पातळीवर भरून द्यावे लागते. त्याला पर्याय नाही. नवी मुंबईच्या मूळ आखणीत यासाठीच धारण तलाव आहेत: भरतीला झडपा बंद होतात, शहराचे पाणी तलावात थांबते, ओहोटीला झडपा उघडून ते खाडीत जाते. या तलावांत आज गाळ साचला आहे आणि गाळावर खारफुटी उगवली आहे, ती तोडायला न्यायालयाची परवानगी लागते, त्यामुळे तलावांची क्षमता घटली आहे. विमानतळाच्या परिघात नवे धारण तलाव करायचे असतील, तर पाऊस थांबल्यावर ४८ तासांत ते रिकामे व्हावेत, काठ उभे असावेत, तळाला उथळ पसरट कडा राहू नयेत आणि गाळ काढण्यासाठी यंत्र उतरवण्याची वाट पहिल्या दिवसापासून असावी. असा तलाव दिसायला कुरूप असतो. सुशोभीकरणाच्या नावाखाली त्यात कमळे आणि मधोमध बेट करण्याचा मोह जिथे आवरला गेला नाही, तिथे बगळ्यांचा रातथारा (रात्री एकत्र बसण्याची जागा) बसलेला मी पाहिला आहे.

वाघिवलीसारख्या धावपट्टीच्या अगदी जवळच्या बेटावर दाट कांदळवन करणे हे, पक्ष्यांच्या धोक्यापुरते बोलायचे तर, मला तुलनेने सुरक्षित वाटते. थव्याने उडणारे दलदलीतले पक्षी दाट रान टाळतात. अपवाद बगळे, ढोकरी, पाणकावळे यांच्या सामूहिक रातथाऱ्याचा. उंच, जुन्या झाडांचा गट एकाकी उभा असेल तर तो त्यांना हवाच असतो. म्हणून इथे सलग, एकसारख्या उंचीचे, मध्ये उघडी तळी नसलेले रान हवे, आणि दर हिवाळ्यात संध्याकाळच्या मोजणीने रातथारा तयार होतो आहे का, हे पाहिले पाहिजे.

परंतु ते रान येते कसे? रोपवाटिकेतून पिशव्या आणून ओळीने लावणे हा सर्वांत दिसणारा आणि सर्वांत कमी भरवशाचा मार्ग आहे. खारफुटी समुद्राच्या सरासरी पातळीपासून उधाणाच्या रेषेपर्यंतच्या अरुंद पट्ट्यात जगते. तिवरासारख्या जाती खालच्या भागात, गेवा आणि मिरजोळी या जाती वरच्या कडेला. जमीन त्या पट्ट्याच्या हातभर खाली असली तर रोप बुडून मरते, हातभर वर असली तर मिठाने करपते. फ्लोरिडातील रॉबिन लुईस यांनी हॉलिवूड शहराजवळच्या वेस्ट लेक परिसरात जवळपास ५०० हेक्टर कांदळवन परत आणले, ते लागवड न करता. भरावाची माती काढून जमीन शेजारच्या जिवंत खारफुटीच्या पातळीवर आणली, भरतीच्या नाळा खणल्या, आणि बिया भरतीबरोबर आपोआप आल्या. आपल्या कोकणात हे आणखी सोपे असावे, कारण बहुतेक ठिकाणी बिघडलेली गोष्ट एकच असते: कोणीतरी बांध घातलेला असतो, उघाडी (बांधातले भरतीचे पाणी आत-बाहेर सोडण्याचे दार) बुजलेली असते, किंवा रस्त्याखालची मोरी लहान केलेली असते. ती उघडली की दोन पावसाळ्यांत तिवरे दिसू लागतात, चिखलात राहणारे निवट्या मासे परततात, आणि रोपांचा पैसा वाचतो. हा पैसा वाचणे हीच अडचण आहे, असे कधीकधी वाटते; मोरी रुंद केल्याचे छायाचित्र वृक्षारोपणाच्या कार्यक्रमाइतके छान येत नाही.

पक्ष्यांच्या विसाव्याच्या जागांबाबत माझी शिफारस नवी पाणथळ बांधण्याची नाही, असलेली वाचवण्याची आहे. भरपाईच्या शास्त्रात यावर एक रास्त आक्षेप घेतला जातो: जे आधीपासून आहेच, ते राखल्याचे श्रेय घेतले तर एकूण जमिनीत भर कोणती पडली? जिथे धोका नाही, तिथे हा आक्षेप पूर्ण खरा आहे. पाणजे किंवा नेरूळच्या जागांवर मात्र बांधकामाचे आराखडे वर्षानुवर्षे टांगते आहेत, तिथले भरतीचे मार्ग वारंवार बंद होतात. २०२४च्या उन्हाळ्यात डीपीएस तलावात पाणी येणे थांबले, तळ कोरडा पडला आणि तिथे काही फ्लेमिंगो मृत आढळले. अशा ठिकाणी कायमचे कायदेशीर संरक्षण आणि पाण्याच्या मार्गांची देखभाल ही खरी भर आहे. विमानतळाने त्यासाठी निधी द्यावा, कारण त्या जागा टिकल्याचा पहिला लाभ त्याच्या धावपट्टीला मिळतो. विसाव्याची अशी जागा नव्याने घडवणे, आणि पक्ष्यांनी ती स्वीकारणे, हे कोणत्याही कंत्राटाच्या मुदतीत हमखास होत नाही.

मुदतीबद्दल एक अभ्यास ध्यानात ठेवण्यासारखा आहे. २०१२ साली जगभरातील ६२१ पुनरुज्जीवित पाणथळींच्या तुलनेतून असे दिसले की अनेक दशकांनंतरही त्यांची जैविक रचना मूळ पाणथळींपेक्षा सरासरी २६ टक्क्यांनी आणि मातीतील कार्बन-नायट्रोजनसारख्या प्रक्रिया २३ टक्क्यांनी कमी होत्या. मोठ्या आणि भरतीच्या पाण्याशी जोडलेल्या जागा तुलनेने लवकर सुधारल्या, ही आपल्यासाठी त्यातली बरी बातमी. फ्रान्समधील नांतजवळच्या नोत्र-दाम-दे-लांद विमानतळाच्या वेळी भरपाईची पद्धतच वैज्ञानिक समितीने २०१३ मध्ये नापसंत केली होती, आणि तो प्रकल्प इतर वादांसह जानेवारी २०१८ मध्ये सोडून देण्यात आला. म्हणून भरपाईचे काम भरावाच्या आधी सुरू व्हावे, असा माझा आग्रह असतो. नवी मुंबईत ती वेळ गेली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्या डिसेंबरात उड्डाणेही सुरू झाली. आता मोजणी तरी नेमकी हवी.

मोजायचे काय, तर किती रोपे लावली हे नव्हे. उधाणाचे पाणी ठरलेल्या बिंदूंपर्यंत पोहोचते का; गाळाची पातळी वर्षाला किती चढते; हिवाळ्यात भरतीच्या वेळी कोणत्या जागेवर किती पक्षी, कोणत्या दिशेने आणि किती उंचीवरून येतात; धावपट्टीवर धडकलेला पक्षी कोणत्या जातीचा होता. या शेवटच्या नोंदी आणि पाणथळींवरील नोंदी आज वेगवेगळ्या दप्तरांत राहतात, त्या एकत्र वाचल्याशिवाय कोणती पाणथळ धोक्याची आणि कोणती उपकारक, हे कोणालाही सांगता येणार नाही. पनवेल खाडीत जाळी लावणाऱ्या कोळी आणि आगरी कुटुंबांची बोय, कोळंबी, चिंबोऱ्यांची आवक हीही एक मोजणीच आहे; त्यांच्या नुकसानीची भरपाई रोख रकमेने होते असे धरले गेले, खाडीच्या उत्पादनाने नव्हे. आणि प्रत्येक उघाडी, प्रत्येक झडप कोणाच्या ताब्यात आहे, ती उघडण्याचा निर्णय कोण घेतो आणि ती बंद आढळल्यास चोवीस तासांत कोणाला फोन करायचा, हे मंजुरीच्या अटींतच नावासह लिहिलेले असावे, कारण मी पाहिलेल्या बहुतेक जागांवर पाणथळ मेली ती झडप बंद राहिल्यामुळे, आणि ती कोणाची हे ठरवण्यात एक पूर्ण पक्षीहंगाम निघून गेल्यामुळे.